वर्णद्वेषावरचे सिनेमे उपदेशाचे डोस पाजतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर बेतलेला एखादा सिनेमा ऑस्करच्या यादीत आला की तेच ते प्रश्न पुन्हा विचारले जातात. त्यांची ही उत्तरं. मतं ठाम आहेत. पटली नाहीत तर सिनेमे पाहून खुशाल भांडा. एक सूचना: पुढे बऱ्याच सिनेमांचे शेवट उघड केलेले आहेत.

हे सिनेमे उपदेशकी असतात, हे खरं आहे का?

काही नक्कीच असतात. गंमत अशी की जे खरोखर उपदेशकी असतात त्यांना सहसा कुणी तसं म्हणत नाही. त्यांना बक्षिसं मिळतात आणि पाहून उठताना छान वाटतं. उपदेशकी म्हणून ज्यांच्या नावानं खडे फोडले जातात, ते बहुतेक वेळा नुसतेच संतापलेले सिनेमे असतात.

मग उपदेशकी नेमकं कशाला म्हणायचं?

दिग्दर्शकाला ठाम मत आहे म्हणून सिनेमा उपदेशकी होत नाही. मतच नसलेला माणूस या विषयाच्या वाटेला जाईल कशाला? पात्रं मोठमोठ्यानं बोलतात, भाषणं करतात, म्हणूनही होत नाही.

माझी कसोटी वेगळी आहे. जो सिनेमा प्रेक्षकाला सुरुवातीलाच निर्दोष सोडून देतो, तो उपदेशकी. पडद्यावर एक दुष्ट, अडाणी, शिवराळ वर्णद्वेषी असतो. तो आपल्यासारखा अजिबात नसतो. शेवटी त्याची खोड मोडते किंवा तो सुधारतो आणि आपण टाळ्या वाजवतो. दोन तासांत एकदाही आपल्याला खुर्चीत अवघडल्यासारखं होत नाही. लोकांना वाटतं की उपदेशकी सिनेमा प्रेक्षकाला रागावतो. मला तर उलटं दिसतं. तो प्रेक्षकाची पाठ थोपटतो आणि रागावतो ते तिकडे फिरकलेल्याच नसलेल्या माणसाला.

एखादं ठळक उदाहरण?

स्टॅन्ली क्रेमर यांचा १९६७ चा 'गेस हू इज कमिंग टू डिनर'. सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका सुखवस्तू, उदारमतवादी गोऱ्या घरातली मुलगी कृष्णवर्णीय डॉक्टरला घरी घेऊन येते. हवाईमध्ये दहा दिवसांची ओळख, आता लग्न करायचंय. सिडनी पॉइटिए यांनी रंगवलेला हा डॉ. प्रेंटिस म्हणजे सद्गुणांचा पुतळा आहे: जगभर नाव, उष्ण प्रदेशातल्या रोगांवर काम, बोलणं शालीन. लग्नाआधी त्यानं मुलीला स्पर्शाची मर्यादा ओलांडू दिलेली नाही. वर तो तिच्या आईवडिलांना एकांतात सांगतो की तुमची मनापासून संमती नसेल तर मी निघून जातो.

क्रेमर यांचं म्हणणं होतं की नायक मुद्दामच असा घडवला. त्याच्यात नाव ठेवायला काही नसलं की विरोधाला रंगाशिवाय दुसरं कारणच उरत नाही. वादात जिंकायला ही युक्ती उत्तम आहे, पण माणूस उभा करायला नाही. शिवाय तिच्यातून नकळत दुसरंच काही सांगितलं जातं: गोऱ्या घराच्या उंबऱ्यात पाऊल टाकायचं तर आधी नोबेलच्या लायकीचं व्हा.

शेवटी स्पेन्सर ट्रेसी यांनी केलेले मुलीचे वडील सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून लांबलचक बोलतात आणि निकाल देतात. त्यात डॉक्टरचे कृष्णवर्णीय आईवडीलही श्रोते होऊन बसलेले. त्या घरची कृष्णवर्णीय मोलकरीण टिली हिला हे लग्न मुळीच पसंत नाही; तिचा राग सिनेमानं विनोदासाठी वापरलाय. सगळं भाषण संपल्यावर सिनेमातलं शेवटचं वाक्य तिलाच उद्देशून आहे: जेवण केव्हा मिळणार? समतेच्या दीर्घ प्रवचनानंतर कृष्णवर्णीय बाईनं पानं वाढायला घ्यायची, यातली विसंगती त्या दृश्यात कुणाच्याच ध्यानात येत नाही.

तरी एक गोष्ट सांगायला हवी. हे चित्रीकरण चालू होतं तेव्हा अमेरिकेतल्या सोळा-सतरा राज्यांत असं लग्न बेकायदा होतं. सर्वोच्च न्यायालयानं 'लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया' खटल्यात ते कायदे मोडीत काढले १२ जून १९६७ रोजी. ट्रेसी त्याच्या दोनच दिवस आधी वारले होते. सिनेमा डिसेंबरात आला. त्या वर्षी तो भित्रा नव्हता, हे कबूल. पण धाडसी सिनेमाही उपदेशकी असू शकतो.

म्हणजे लांब भाषण आलं की सिनेमा बिघडतो?

नाही. भाषण कुणाला ऐकवलं जातंय आणि ऐकणाऱ्याला उलट बोलायची सोय आहे का, एवढंच पाहायचं. ट्रेसींच्या भाषणाला उत्तर द्यायची मुभा त्या खोलीत कुणालाच नाही.

त्याच वर्षीचा 'इन द हीट ऑफ द नाइट' लोकांना का आवडतो?

एका थपडेमुळे. मिसिसिपीतला एक गोरा बागाईतदार पॉइटिए यांच्या मुस्काटात मारतो, आणि पॉइटिए त्याच क्षणी त्याला उलट मारतात. भाषण नाही, पार्श्वसंगीताचा कल्लोळ नाही. १९६७ मध्ये मोठ्या पडद्यावर हे पाहणं म्हणजे काय होतं याची आज कल्पना करणं कठीण आहे. त्या वर्षीचं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर या सिनेमाला मिळालं. मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिल १९६८ ला हत्या झाल्यामुळे तो सोहळा दोन दिवस पुढे ढकलावा लागला होता.

'डू द राइट थिंग' हा तर सरळसरळ प्रचारकी सिनेमा आहे ना?

हा प्रश्न विचारणाऱ्यांनी तो बहुधा बऱ्याच वर्षांपूर्वी पाहिलेला असतो, किंवा अर्धा पाहिलेला असतो.

स्पाइक ली यांचा हा सिनेमा १९८९ चा. ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट भागातली एक गल्ली आणि अंगाची लाही करणारा एक दिवस. साल या इटालियन-अमेरिकन माणसाचं तिथं पिझ्झाचं दुकान आहे. गिऱ्हाईक जवळजवळ सगळं कृष्णवर्णीय, पण भिंतीवर फोटो फक्त इटालियन-अमेरिकन नामवंतांचे. एक तरुण म्हणतो, आमच्यापैकीही कुणाचा तरी फोटो लाव. साल म्हणतो, दुकान माझं, भिंत माझी. इतक्या किरकोळ गोष्टीवरून रात्रीपर्यंत पोलिसाच्या दांडक्याखाली गळा आवळून रेडिओ रहीम नावाचा तरुण मरतो, आणि सालच्याच दुकानात काम करणारा मूकी कचऱ्याचा डबा उचलून दुकानाची काच फोडतो. दुकान जळतं.

आता सांगा, यात उपदेश कुणाला केलाय? साल दुष्ट नाही. पोरं आपल्या हातचं खाऊन मोठी झाली याचा त्याला खराखुरा अभिमान आहे. फोटो मागणारा तरुण बराचसा उथळ आणि भांडकुदळ आहे. रेडिओ रहीमचा टेपरेकॉर्डर कुणाचंही डोकं उठवील. मधेच एका प्रसंगात निरनिराळ्या वंशांची पात्रं एकामागून एक थेट कॅमेऱ्यात पाहून एकमेकांच्या जमातींना अर्वाच्य शिव्या देतात. याहून बटबटीत काही असू शकत नाही, पण तो प्रसंग कुणालाच सोडत नाही. आणि शेवटी पडद्यावर दोन अवतरणं येतात. किंग यांचं हिंसेविरुद्धचं, नंतर माल्कम एक्स या कृष्णवर्णीय नेत्याचं स्वसंरक्षणाच्या बाजूचं. ती एकमेकांशी जुळत नाहीत, आणि दिग्दर्शक ती जुळवूनही देत नाही. उपदेशक असा शेवट करत नाही. त्याला उत्तर ठाऊक असतं.

सिनेमा आला तेव्हा न्यूयॉर्कमधल्या काही समीक्षकांनी लिहिलं होतं की हा पाहून दंगली उसळतील. एकही उसळली नाही. मूकीनं योग्य केलं का, हा प्रश्न आपल्याला नेहमी गोरे प्रेक्षकच विचारतात, असं ली अनेकदा सांगत आलेत. दुकानाची काच लक्षात राहते आणि गळा आवळला गेलेला मुलगा विसरला जातो, हीच त्यांची तक्रार आहे. ते विसरणं सिनेमानं आधीच हेरून ठेवलं होतं.

त्या सिनेमाला ऑस्कर मिळालं?

मिळालं नाही. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी नामांकनसुद्धा नव्हतं. त्या वर्षी तो मान 'ड्रायव्हिंग मिस डेझी'ला गेला, म्हणजे म्हातारी गोरी बाई आणि तिचा सोशिक कृष्णवर्णीय ड्रायव्हर. २०१९ मध्ये लींचा 'ब्लॅकक्लान्समन' स्पर्धेत होता तेव्हा जिंकला 'ग्रीन बुक', ज्यात ड्रायव्हर गोरा आणि मागे बसणारा कृष्णवर्णीय. तीस वर्षांत जागांची अदलाबदल तेवढी झाली.

'ग्रीन बुक' तर किती गोड सिनेमा आहे! त्यात काय वाईट?

गोड आहेच, आणि दोन्ही नटांची कामं फर्मास आहेत. पण तो कुणाच्या बाजूनं सांगितलाय पाहा. पियानोवादक डॉन शर्ली यांना १९६२ मध्ये दक्षिणेच्या दौऱ्यावर नेणाऱ्या ड्रायव्हरचा मुलगा हा त्याच्या पटकथाकारांपैकी एक. शर्लींच्या नातेवाइकांनी सिनेमातल्या चित्रणाला जाहीर हरकत घेतली होती. सिनेमात हे थोर, सुशिक्षित वादक स्वतःच्या समाजाला पारखे झालेले दिसतात आणि तळलेली कोंबडी हातानं कशी खायची हेही त्यांना गोऱ्या ड्रायव्हरनं शिकवावं लागतं.

ज्या पुस्तिकेवरून सिनेमाचं नाव आलं ती मात्र जेमतेम दिसते. न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतले टपालवाहक व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ पासून ती काढायला सुरुवात केली. कृष्णवर्णीय प्रवाशाला कुठं मुक्काम मिळेल, कुठं पेट्रोल मिळेल, कुठं जेवता येईल, याची ती यादी. एका टपालवाहकानं देशाच्या क्रौर्याचा नकाशा काढला आणि त्यातूनच वाटही दाखवली. त्याच्यावर सिनेमा निघाला असता तर मी पहिल्या दिवशी तिकीट काढलं असतं.

'क्रॅश' विषयी काय?

२००६ मध्ये ऑस्कर मिळवणारा हा सिनेमा सांगतो की लॉस एंजेलिसमधला प्रत्येक माणूस थोडा वर्णद्वेषी आहे. ऐकायला हे प्रामाणिक वाटतं. पण सगळेच सारखे दोषी म्हटले की कुणाचाच दोष उरत नाही. जो पोलीस रस्त्यात झडतीच्या नावाखाली एका कृष्णवर्णीय बाईशी किळसवाणे चाळे करतो, तोच दुसऱ्या दिवशी योगायोगानं तिला पेटत्या गाडीतून बाहेर काढतो, आणि हिशेब चुकता. पोलीस खातं, घरभाडं, शाळा, कोर्ट, सगळं बाजूला पडून वर्णद्वेष म्हणजे स्वभावातला चिडखोरपणा एवढंच शिल्लक राहतं.

'गोरा तारणहार' म्हणजे काय प्रकार आहे?

सोसायचं कृष्णवर्णीयांनी, धैर्य दाखवायचं गोऱ्यानं, आणि सुधारायचंही त्यानंच. 'टू किल अ मॉकिंगबर्ड' (१९६२) मधला सज्जन वकील हा या जातकुळीतला सर्वांत प्रिय माणूस. तो खटला हरतो, हे त्या सिनेमाच्या बाजूनं सांगता येईल.

'मिसिसिपी बर्निंग' (१९८८) चं प्रकरण अधिक गंभीर आहे. १९६४ मध्ये मिसिसिपीत जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला. त्यावरच्या या सिनेमात नायक आहेत एफबीआयचे दोन गोरे अधिकारी. कृष्णवर्णीय लोक बहुतांश भेदरलेले, मूक. खऱ्या मिसिसिपीत त्याच उन्हाळ्यात ते जीव धोक्यात घालून मतदारनोंदणी करत होते, आणि त्याच सुमारास खरी एफबीआय किंग यांची संभाषणं चोरून ऐकत होती. इथं अडचण उपदेशाची नाहीच. श्रेय भलत्याच्या खिशात गेलंय.

'द हेल्प' (२०११) मध्ये मोलकरणीचं काम केलेल्या व्हायोला डेव्हिस यांनी २०१८ मध्ये सांगितलं की तो सिनेमा केल्याचा पस्तावा होतो, कारण शेवटी त्यात त्या मोलकरणींचा आवाज ऐकू आला नाही. ज्या नटीला त्या भूमिकेसाठी ऑस्करचं नामांकन मिळालं तिनं हे म्हणणं सोपं नव्हतं.

गोऱ्या दिग्दर्शकांनी या विषयाला हात लावूच नये का?

लावावा की. मायकेल रोमर बर्लिनमध्ये जन्मलेले ज्यू, लहानपणी नाझींच्या तावडीतून निसटले. त्यांचा 'नथिंग बट अ मॅन' (१९६४) हा या विषयावरच्या उत्तम सिनेमांपैकी आहे. अलाबामातला रेल्वे कामगार एका धर्मोपदेशकाच्या मुलीशी लग्न करतो. सासरा गोऱ्यांशी जमवून घेऊन जगणारा, जावई मान न तुकवणारा. एकामागून एक नोकऱ्या सुटतात आणि बाहेरचा अपमान घरात बायकोवर निघायला लागतो. यात तारणहार कुणीच नाही.

सिनेमानं खरंच कुणाचं मन बदलतं का? नाहीतर एवढा आटापिटा कशाला?

बदलतं. फक्त याचा जो सर्वांत पक्का पुरावा मला माहीत आहे, तो सुखद नाही.

डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचा १९१५ चा 'द बर्थ ऑफ अ नेशन' कू क्लक्स क्लान या कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेला शूरवीर ठरवतो आणि कृष्णवर्णीयांना जनावरं. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या काळात तो व्हाइट हाऊसमध्ये दाखवला गेला. मरून पडलेलं क्लान त्याच वर्षाच्या शेवटी जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर पुन्हा उभं केलं गेलं आणि पुढे सभासद मिळवायला हा सिनेमा उपयोगी पडला. नंतर १९३३ मध्ये रूथ पीटरसन आणि एल. एल. थर्स्टन या संशोधकांचं एक पुस्तक आलं. इलिनॉयमधल्या क्रिस्टल लेक या गावात, जिथल्या मुलांचा कृष्णवर्णीयांशी जवळपास संबंधच आलेला नव्हता, त्यांनी मुलांना हा सिनेमा दाखवला. आधी आणि नंतर मुलांचा कल मोजला. तो स्पष्टपणे कृष्णवर्णीयांच्या विरोधात झुकला होता, आणि कित्येक महिन्यांनी पुन्हा मोजला तेव्हाही तो पुरता मूळपदावर आलेला नव्हता.

म्हणजे वर्णावरचा सर्वांत परिणामकारक उपदेश वर्णद्वेष्ट्यांनीच करून ठेवलाय. घोडदौड, पाठलाग, संकटातली तरुणी, अगदी शेवटच्या क्षणी सुटका, अशा वेष्टनात तो दिला गेला, म्हणून त्या काळच्या बहुसंख्य गोऱ्या प्रेक्षकांना तो उपदेश वाटलाच नाही, इतिहास वाटला. कृष्णवर्णीयांना मात्र पहिल्या दिवसापासून कळलं होतं. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेनं शहराशहरांत निदर्शनं केली. ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकानं १९२० मध्ये 'विदिन अवर गेट्स' काढून त्यात गोऱ्या जमावानं केलेली कृष्णवर्णीयांची हत्या दाखवली.

पूर्वी सिनेमे फक्त करमणूक करायचे, आता प्रत्येकात संदेश घुसडतात. खरं ना?

पूर्वीही संदेश होताच, आणि तो लेखी होता. हॉलिवूडनं १९३० मध्ये स्वीकारलेल्या आणि १९३४ पासून कडकपणे राबवलेल्या आचारसंहितेत गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्यातला शरीरसंबंध दाखवायला साफ मनाई होती. ते कलम पन्नाशीच्या दशकात जाऊन निघालं. गायिका लीना हॉर्न यांची गाणी सिनेमात अशी बसवली जायची की दक्षिणेतल्या चित्रपटगृहांना ती कापून टाकता यावीत आणि कथेला धक्का लागू नये. १९४७ मध्ये मेम्फिसच्या सेन्सॉर बोर्डानं 'कर्ली' या मुलांच्या विनोदी सिनेमावर बंदी घातली, कारण त्यात गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं एका शाळेत दिसत होती. टेक्सासच्या मार्शल गावात 'पिंकी' (१९४९) दाखवला म्हणून चित्रपटगृह चालवणाऱ्याला शिक्षा झाली. ती रद्द व्हायला १९५२ साल आणि सर्वोच्च न्यायालय लागलं.

हॅटी मॅक्डॅनियल १९४० मध्ये ऑस्कर जिंकणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार ठरल्या, त्या रात्री त्यांना वेगळ्या टेबलावर भिंतीकडेला बसवलं होतं. त्या टेबलापेक्षा स्पष्ट संदेश कुठल्या सिनेमात आहे?

'संदेश द्यायचा असेल तर तार करा' असं कुणीतरी म्हटलंय ना?

निर्माते सॅम्युएल गोल्डविन यांच्या नावावर ते वाक्य खपवलं जातं. टाळी घेणारं आहे. दिग्दर्शक प्रेस्टन स्टर्जेस यांनी 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स' (१९४१) मध्ये एक असा दिग्दर्शक दाखवला ज्याला विनोदी सिनेमे सोडून गरिबीवर गंभीर सिनेमा करायचाय. शेवटी त्याला कळतं की दुःखी माणसाला हसू हवं असतं. उपदेश करू नका, असा उपदेश करणारा तो फार सुंदर सिनेमा आहे. त्यातलं कृष्णवर्णीयांच्या चर्चमधलं दृश्य शोधून पाहा. साखळदंडातले कैदी आत येण्याआधी तिथला धर्मोपदेशक आपल्या लोकांना बजावतो की पाहुण्यांना कमीपणा वाटेल असं काही करू नका.

कृष्णवर्णीय प्रेक्षकांनाही हे सिनेमे उपदेशकी वाटतात का?

वाटतात, पण कारण वेगळं असतं. लेखक जेम्स बॉल्डविन यांनी १९७६ च्या 'द डेव्हिल फाइंड्स वर्क' या पुस्तकात 'द डिफायंट वन्स' (१९५८) बद्दल लिहिलंय. एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय कैदी एकाच साखळीत जखडलेले असताना पळून जातात. शेवटी पॉइटिए चालत्या रेल्वेत चढलेले असतात, सुटका झालेली असते, पण खाली राहिलेल्या गोऱ्या साथीदारासाठी ते गाडीतून उडी टाकतात. गोऱ्या उदारमतवादी प्रेक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. हार्लेमच्या चित्रपटगृहात लोक पडद्याकडे ओरडले: मूर्खा, परत गाडीत चढ!

दोन्हीकडे सिनेमा तोच, रीळही तेच. एकीकडे बंधुभावाचा विजय, दुसरीकडे गोऱ्यांच्या समाधानासाठी फुकट घालवलेला जीव. सिनेमा उपदेशकी आहे असं कुणी म्हटलं की मी विचारतो, कुठल्या चित्रपटगृहात बसून?

दुसरी बाजू का दाखवत नाहीत?

कशाची दुसरी बाजू? माणसाला माणूस मानावं की नाही, याची? वर्णद्वेषी पात्रं सपाट असतात असं म्हणायचं असेल तर मात्र तक्रार रास्त आहे. सपाट खलनायक प्रेक्षकाला फार स्वस्तात सुटू देतो.

भयपट किंवा विनोदातून हा विषय जास्त चांगला मांडता येतो का?

जॉर्डन पील यांच्या 'गेट आउट' (२०१७) नंतर हा प्रश्न फार विचारला जातो, आणि तो सिनेमा आहेच तसा. सुमारे ४५ लाख डॉलरमध्ये बनला, जगभर २५ कोटींहून अधिक कमावले, आणि मूळ पटकथेचं ऑस्कर मिळवणारे पील हे पहिले कृष्णवर्णीय लेखक ठरले. यात कृष्णवर्णीय नायक गोऱ्या मैत्रिणीच्या आईवडिलांना भेटायला जातो. ही गोरी मंडळी शिवीगाळ करत नाहीत. मुलीचे वडील कौतुकानं सांगतात की शक्य असतं तर ओबामांना तिसऱ्यांदाही मत दिलं असतं. ज्या प्रेक्षकाला 'गेस हू इज कमिंग टू डिनर'नं शाबासकी दिली होती, त्याच प्रेक्षकाचं घर इथं भुताटकीचं घर झालंय.

शेवट पाहण्यासारखा आहे. नायक रक्तानं माखलेला, समोर गोरी तरुणी पडलेली, आणि पोलिसांच्या गाडीचे निळे-लाल दिवे दिसायला लागतात. त्या क्षणी चित्रपटगृहातल्या प्रत्येकाला, गोऱ्यालाही, कळतं की आता हा मेला. कुणी एक शब्दही बोललेलं नसतं. मग गाडीतून नायकाचा मित्र उतरतो. पील यांनी आधी चित्रित केलेल्या शेवटात नायक तुरुंगात जात होता. नंतर तो बदलला. बदलला ते बरं झालं. दिवे दिसल्याबरोबर पोटात आलेला गोळा हाच त्या सिनेमाचा युक्तिवाद आहे, आणि तो प्रेक्षकानं स्वतःच केलेला असतो.

विनोदात मेल ब्रुक्स यांचा 'ब्लेझिंग सॅडल्स' (१९७४) अजून टिकून आहे. तो लिहिणाऱ्यांत कृष्णवर्णीय विनोदवीर रिचर्ड प्रायर होते, हे त्यातल्या प्रत्येक शिवीच्या नेमकेपणातून कळतं.

पण भयपट केला की आपोआप जमतं असं नाही. 'गेट आउट'नंतर आलेल्या नकला पाहिल्यात तर पटेल.

छळ, फटके, फाशी इतकं दाखवायची काय गरज?

बऱ्याचदा नसते. गुलाम म्हणून विकले गेलेल्या सोलोमन नॉर्थप यांच्या १८५३ च्या आत्मकथनावरचा 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' (२०१३) हा अपवाद मानतो, आणि तोही मुख्यतः एका दृश्यासाठी. नॉर्थपना फासावर लटकवून अर्धवट सोडलंय, पायाची बोटं जेमतेम चिखलाला टेकलेली. कॅमेरा हलत नाही. हळूहळू मागे लोक घराबाहेर येतात आणि आपापल्या कामाला लागतात. मुलं खेळायला लागतात. कुणी दुष्टपणा करत नाही. रोजचा दिवस चालू राहतो. बघत बसण्यावाचून आपल्यालाही काही करता येत नाही, आणि मग मागच्या लोकांत आणि आपल्यात फारसा फरक वाटेनासा होतो.

अमेरिकेबाहेर कुणी हे चांगलं केलंय?

जर्मन दिग्दर्शक फास्बिंडर यांनी, म्युनिकमध्ये. 'फिअर ईट्स द सोल' (१९७४) मध्ये साठीकडे झुकलेली एमी ही विधवा सफाई कामगार मोरोक्कोहून आलेल्या अली नावाच्या मेकॅनिकशी लग्न करते. शेजारी तोंड फिरवतात, वाणी सामान देत नाही, मुलगा लाथ घालून टीव्ही फोडतो. इथपर्यंत अपेक्षित. पुढे दोघं सहलीहून परततात तेव्हा सगळे गोड बोलायला लागतात. मनं बदललेली नसतात. वाण्याला गिऱ्हाईक हवं असतं, शेजारणीला तळघरातली जागा, मुलाला मूल सांभाळायला आई.

आणि बाहेरचा जाच थांबताच एमी स्वतः बदलते. मैत्रिणींना अलीचे दंड चाचपायला देते. त्याला त्याच्या देशातलं कुसकुस खावंसं वाटतं, तर ती म्हणते, इथलं खायला शीक. कामावर नवी परदेशी बाई येते तेव्हा जिन्यात तिला वाळीत टाकणाऱ्यांत एमीही असते. जिच्या बाजूनं आपण तासभर उभे राहिलो तीच हे करते, आणि तरी ती आपल्याला आवडत राहते. मी पाहिलेल्या सिनेमांत या विषयावर इतकं अस्वस्थ करणारं दुसरं काही नाही.

फ्रान्समध्ये मॅथ्यू कासोविट्झ यांच्या 'ला हेन'नं (१९९५) पॅरिसच्या उपनगरातल्या निरनिराळ्या वंशांच्या तीन पोरांचा एक दिवस दाखवला. तेव्हाचे पंतप्रधान आलँ ज्युपे यांनी आपल्या मंत्रिमंडळासाठी त्याचा खेळ ठेवला होता. मंत्र्यांनी त्यातून काय घेतलं ते पुढच्या काळातल्या उपनगरांतल्या दंगलींवरून ठरवा.

'उपदेशकी' म्हणणं ही कधीकधी पळवाटही असते का?

असते. विषय टोचला की शैलीवर बोट ठेवणं सोयीचं पडतं. पण प्रत्येक तक्रारदार वर्णद्वेषी असतो असं मानणारे लोकही मला तितकेच कंटाळवाणे वाटतात. वाईट संवाद वाईटच असतात, हेतू कितीही चांगला असो.

यातलं आधी काय पाहू?

'डू द राइट थिंग'. मग 'फिअर ईट्स द सोल'. त्यानंतर चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप'. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात त्यांनी विद्यार्थी असताना सुट्टीच्या दिवशी तो चित्रित केला. गाण्यांच्या हक्कांमुळे तो सर्वसामान्य प्रेक्षकांपर्यंत २००७ पर्यंत पोचलाच नाही. कत्तलखान्यात काम करणारा बाप, थकलेली बायको, गच्च्यांवरून उड्या मारणारी पोरं. गोरी माणसं त्यात नावाला आहेत आणि वर्णद्वेषावर कुणी बोलत नाही. दीड तासाहून कमी लांबीचा आहे. 'गेस हू इज कमिंग टू डिनर' सगळ्यात शेवटी पाहा, आणि टिलीवर लक्ष ठेवा.